सांवेर रस्त्यावरची फटफटी

आमच्या घरी घोडी यायची होती, आली फटफटी.

संस्थानं गेली, आबांचा रिसाला मोडला आणि पागेतल्या सामानाचा लिलाव निघाला. आबा म्हणजे माझे वडील. त्या रिसाल्यात ते वीस वर्षं सवार होते. लिलावाला गेले ते आपली घोडी घरी आणायला. पण घोडी त्यांच्या डोळ्यांदेखत एका टांगेवाल्याने नेली. तिच्यामागून लढाईच्या काळातली एक काळी मोटरसायकल बाहेर काढली. तिच्यावर कुणी बोली लावेना, आणि रिकाम्या हातांनी घरी जायचं आबांच्या जिवावर आलं. संध्याकाळी जुनी इंदूरमधल्या आमच्या गल्लीत ते तिला ढकलत घेऊन आले तेव्हा मी परकरात होते. आईने दारातूनच विचारलं, "ही चालवणार कोण?" आबा म्हणाले, "बघू."

ते बघणं दहा-अकरा वर्षं चाललं. आबांनी तिला अंगणात पत्र्याखाली उभं केलं, वर जुनी झूल घातली, आणि रोज सकाळी घोड्याला करतात तसा खरारा केला. दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत फडकं फिरायचं. पण तिच्यावर ते एकदाही बसले नाहीत. गुडघा अधू झाला होता, किक बसायची नाही, हे सांगायचं कारण. खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांना ती चालवता येत नव्हती आणि शिकायला कुणाकडे जायचं म्हणजे येत नाही असं कबूल करायला हवं होतं. आबांनी काही कबूल केल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. वरणात मीठ त्यांनीच दोनदा घातलं तरी चूक मिठाची असायची.

मध्यप्रदेश होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा मी बी. ए. झाले आणि सांवेरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. कच्ची नोकरी, एका वर्षाची. वर्षाच्या आत तपासणी व्हायची, इन्स्पेक्टर साहेब वर्गात येऊन बसायचे, आणि त्यांनी चांगला शेरा लिहिला तर पक्की. मला ती नोकरी हवी होती. अशी हवी होती की रात्री उशीखाली नेमणुकीचा कागद ठेवून झोपायचे. आमच्या नात्यातली एकही बाई तोवर स्वतःच्या सहीने पगार घेत नव्हती.

अडचण एकच होती. सांवेर घरापासून वीस मैल, आणि मधली बस. त्या बसचं वर्णन करायला बसले तर माझी जीभ खराब होईल. कधी यायची, कधी नाही, आली तर वाटेत पाणी प्यायला थांबायची, आणि कंडक्टर म्हणायचा, "बेनजी, अपन क्या करें, इंजन का मूड नी है." पहिल्या दोन महिन्यांत मी चार वेळा उशिरा पोहोचले. शाळेच्या बड़ी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, हजेरीचं पुस्तक समोर ठेवून बोलल्या, "या तो सांवेर में कमरा लीजिए, या इस्तीफ़ा दीजिए." खोलीचं नाव काढताच आबांनी पानावरून हात उचलला. लग्न न झालेली मुलगी परगावी एकटी राहणार नाही. विषय संपला.

त्या रात्री मी रडले, आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला. आबांचा, बसचा, बड़ी बहनजींचा, सगळ्यांचा. सकाळी अंगणात आले तर आबा झूल काढून फटफटी पुसत होते. मी म्हटलं, "आबा, ही मला द्या."

ते हसले. मी हसले नाही.

पुलाजवळ एक म्हातारे मिस्त्री होते, लष्करी गाड्यांवर हात बसलेले. आबांनी आणि मी फटफटी ढकलत त्यांच्याकडे नेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टाकीवर बोटाचं पेर आपटलं आणि आबांना म्हणाले, "भिया, माल तो खरा है. चलाएगा कौन?" मी म्हटलं, "मैं." मिस्त्रींनी आबांकडे बघितलं, आबांनी पुलाकडे बघितलं. "हओ," मिस्त्री म्हणाले, "तो फिर पहले खोलना सीखो. जिसको खोलना नी आता, उसको मैं बैठने नी देता."

तीन आठवडे मी शाळेतून आले की त्यांच्याकडे. आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती! मला वाटायचं यंत्र म्हणजे काहीतरी कोडं असेल. तसं काही नव्हतं. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा मिळतेय का. तीनच प्रश्न, आणि फटफटी प्रत्येकाचं उत्तर सरळ देते. माणसांसारखं "बघू" म्हणत नाही. प्लग काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचा. मॅग्नेटो, म्हणजे जिथे ठिणगी तयार होते ती पेटी, तिच्या आतल्या दोन टोकांमध्ये फट किती हवी? मिस्त्री म्हणाले, पोस्टकार्ड घाल. पोस्टकार्ड अडकत अडकत गेलं की फट बरोबर. मी पर्समध्ये कोरं पोस्टकार्ड ठेवायला लागले. टाकीच्या तळाशी पेट्रोलची तोटी होती, तिच्या तोंडावरची जाळी गंजून गेलेली. मिस्त्री म्हणाले, नवी जाळी मिळत नी, पेट्रोल गाळून भरत जा. आणि किक! पहिले आठ दिवस किकने मला उडवून लावलं. मग कळलं की ताकद लावायचीच नसते. दांडी हळूच दाबत जायची, एका जागी ती अडते, तिथून एक केसभर पुढे न्यायची, आणि मग एकदाच, सगळा जीव घालून. धडधड सुरू झाली तेव्हा मी किंचाळले. मिस्त्रींच्या हातातला चहा सांडला.

मग प्रश्न आला नेसायचं काय. पाचवारी गोल साडीत टांग टाकता येईना. आई इतके दिवस काही बोलली नव्हती. तिने पेटीतून आपलं हिरवं नऊवारी काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. "काष्टा घाल. आपल्याकडच्या बायका घोड्यावर बसायच्या त्या काय विलायती कपडे घालून?" आबा काहीतरी बोलणार होते, पण रिसाल्याच्या घराण्याला घोड्यावरून बोलता येईना.

पहिल्या दिवशी गल्लीतून निघाले तर दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे देखो, बाई फटफटी पे!" मी ऐकलं आणि दात दाखवले. गाव मागे पडलं, सांवेरचा रस्ता लागला, दोन्हीकडे काळी जमीन आणि डोक्याएवढी ज्वारी. मी वेगाची मूठ पिळली. वाऱ्याने पदर फडफडायला लागला, हँडल हातात थरथरत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मोठमोठ्याने गात होते. मला गाता येत नाही. त्या दिवशी कुणी ऐकायला नव्हतं आणि मला कशाचीच पर्वा नव्हती. वीस मैल पाऊण तासात! बस वाटेत एका आंब्याखाली उभी होती. मी हॉर्न वाजवला, दोनदा.

बड़ी बहनजींना मात्र हे रुचलं नाही. "लड़कियों पर क्या असर पड़ेगा?" त्यांनी बजावलं, फटफटी गावाबाहेर कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ठेवायची आणि तिथून पायी यायचं, शाळेच्या फाटकाच्या आत तिचं चाक दिसता कामा नये. मी मान हलवली. वेळेवर पोहोचत होते, मला तेवढं पुरे होतं. दीड महिना मी एकदाही उशिरा गेले नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. आबांची तलवार, आईची विळी, माझी पेनं सगळं पाटावर मांडतात. त्या वर्षी अंगणात फटफटीचीही पूजा झाली. आईने दिव्याला कुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकवाच्या अक्षता वाहिल्या, नारळ फोडला. आबा नवा फेटा बांधून तिच्याजवळ बराच वेळ उभे होते. मी दुपारी मैत्रिणीकडे गेले.

सुट्टी संपली आणि सोमवारी शाळेला निघाले. सहा मैल छान गेले. मग फटफटीने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि बंद. किक मारली, काही नाही. प्लग पुसला, काही नाही. हताश होऊन दहा मिनिटं मैलाच्या दगडावर बसले, मग उगीच एक किक मारली तर लगेच सुरू! पाच मैलांवर पुन्हा तेच. शाळेत पोहोचले तेव्हा दुसरा तास चालू होता.

मिस्त्री म्हणाले, मॅग्नेटो. "पुराना हो गया. गरम होता है तो बैठ जाता है, ठंडा होता है तो उठ जाता है." पटलं मला, लक्षणं अगदी तशीच होती. रविवारभर आम्ही मॅग्नेटो उतरवून उघडला, वारनिश लावलं, वाळवला, पुन्हा चढवला. मंगळवारी पुन्हा उशीर. बुधवारी बड़ी बहनजींनी मला खोलीत बोलावलं. शुक्रवारी तपासणी होती. इन्स्पेक्टर साहेब इंदूरहून येणार, साडेदहाच्या घंटेला माझ्याच वर्गापासून सुरुवात करणार. "घंटे के बाद आईं," त्या म्हणाल्या, "तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. एवढ्या धडपडीनंतर नोकरी जाणार आणि मी अंगणात उभ्या फटफटीला खरारा करत बसणार!

शुक्रवारी मी नऊलाच निघाले. बसच्याही आधी. दाराशी आबा उभे होते. रिसाल्याचा अंगरखा, डोक्याला नवमीचाच केशरी फेटा. "मी येतो मागे बसून," म्हणाले. "बंद पडली तर ढकलायला माणूस हवं." दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्यावर बसले, आणि बसताना माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला की मला हसू आलं. वीस वर्षांचा सवार, घाबरला होता.

धरमपुरीच्या अलीकडे उचकी आली. मग दुसरी. मग बंद.

मी उतरले. मॅग्नेटो तापलाय, आता दहा मिनिटं बसायचं, मग पाच मैल, मग पुन्हा दहा मिनिटं, मी मनात हिशेब करत होते आणि तो जमत नव्हता. आणि मग मला माझाच संताप आला. मिस्त्रींनी तीन प्रश्न शिकवले होते आणि मी एकाचंच उत्तर घोकत बसले होते! प्लग काढला. त्याला वायर जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. टच! निळीशार, जाडजूड ठिणगी. इंजिन हात लावू देत नव्हतं इतकं तापलेलं, आणि ठिणगी मात्र नवरीसारखी झगझगीत! "आबा, मॅग्नेटो नाही!" मी ओरडले. "मॅग्नेटो ठणठणीत आहे! ह्याला पेट्रोल मिळत नाहीये!"

पेट्रोलची नळी खालून सोडवली. तोटी उघडली. धार आली, बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. टाकी तर हलवली की डुचमळत होती. अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला, तोटीच्या तोंडात खुपसला आणि हलवला. भस्सकन धार आली, आणि तिच्याबरोबर माझ्या तळहातावर काहीतरी पडलं.

तांदळाचा दाणा. हळदकुंकू लावलेला.

म्हणजे असं होतं! गाडी चालली की धारेबरोबर दाणे ओढले जाऊन तोंडाशी बुच बसायचं. थांबलं की ते हळूहळू सुटायचे. मॅग्नेटोचं काही नव्हतं, आणि आम्ही त्या बिचाऱ्याची आतडी काढून वारनिश केली होती. मला नाचावंसं वाटलं आणि त्याच क्षणी डोकंही फिरलं. "आई! हे आईचं काम! अक्षता वाहायच्या तर दिव्यावर वाहा, टाकीचं झाकण उघडून कुणी वाहतं का? काही विचार नाही, काही नाही! माझी नोकरी जायची वेळ आली तिच्या पूजेपायी!" आणखीही पुष्कळ बोलले. आबा तोटीकडे बघत राहिले.

सगळी टाकी रिकामी करून गाळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता, आणि आमच्याकडे ना भांडं ना गाळणं. रस्त्याच्या कडेच्या विहिरीवर एक शेतकरीण पाणी शेंदत होती. मी धावत गेले आणि बालटी मागितली. ती माझ्या काष्ट्याकडे बघत राहिली. "बई, या फटफटी थारी हे कई?" "म्हारीज हे," माझीच आहे, मी म्हटलं, येईल तशा माळवीत. ती खुदकन हसली आणि पाणी ओतून बालटी माझ्या हातात दिली.

परत आले तर आबांनी फेटा सोडला होता. रिसाल्याचा माणूस उघड्या डोक्याने घराबाहेर पडत नाही. आबांचं डोकं मी रस्त्यावर उघडं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तो केशरी फेटा चार पदरी करून बालटीच्या तोंडावर ताणला आणि म्हणाले, "सोड."

"आबा, पेट्रोलने रंग जाईल."

"सोड म्हणतो ना!"

पान्याने तोटी टाकीपासून अलग केली. पेट्रोल फेट्यावर कोसळलं, केशरी रंग पसरला, आणि मधोमध दाणे जमत गेले. पाच नाहीत, दहा नाहीत. चांगले मूठभर. "वाटीच ओतली की काय आईने!" मी पुटपुटले. मग डब्यातली पुरीभाजी त्या शेतकरणीला देऊन टाकली आणि डब्याने पेट्रोल परत टाकीत भरलं. तोटी आवळली, नळी जोडली, प्लग बसवला. माझे हात असे चालत होते की जन्मभर हेच केलं असावं. एक किक.

पहिल्या किकला! मी आबांना अक्षरशः ओढून मागे बसवलं.

त्या दिवशी मी जी गाडी हाणली ती त्यानंतर कधीच नाही. फटफटीचा गळाच मोकळा झाला होता. वळणांवर आबा मागून "हां, हां, लगाम, लगाम!" ओरडत होते. सांवेर दिसलं. जिनिंगच्या शेडकडे वळायचं होतं, मी वळले नाही. सरळ बाजारातून, सरळ फाटकातून, सरळ शाळेच्या आवारात. घंटा होऊन सात मिनिटं झाली होती.

बड़ी बहनजी व्हरांड्यात उभ्या. त्यांनी आधी चाकाकडे बघितलं, मग माझ्या काळ्या हातांकडे, मग मागे बसलेल्या, उघड्या डोक्याच्या म्हाताऱ्या माणसाकडे. त्या तोंड उघडणार तेवढ्यात फाटकातून एक सायकलवाला धापा टाकत आला. "बेनजी, बस की धुरी टूटी गी! बारोली कने! इन्स्पेक्टर साब वठेज बेठ्या हे!"

बसचा आस तुटला होता आणि साहेब बारोलीपाशीच बसून होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पाऊण तास रस्त्यावर पेट्रोल गाळत होतो आणि बस आमच्या पुढे गेलीच नव्हती.

बड़ी बहनजींचा चेहरा पांढरा पडला. तपासणी झाली नाही तर पुढची तारीख कधी मिळेल कुणाला ठाऊक, आणि शाळेचं अनुदानही त्याच शेऱ्यावर होतं. त्यांनी सायकलवाल्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि शेवटी नाइलाजाने फटफटीकडे. "आप..." त्या म्हणाल्या, "आप ला सकती हैं उन्हें?"

"जी," मी म्हटलं. त्या एका शब्दात मला किती गोडी आली म्हणून सांगू! "मेरी क्लास?"

"मैं देखता हूँ क्लास," आबा म्हणाले. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे वळून बघितलं. ते खडूच्या डब्याकडे असे चालू लागले जसे काही तोफखान्याचा ताबा घ्यायला निघालेत.

बारोलीजवळ बस एका बाजूला कलली होती आणि इन्स्पेक्टर साहेब कोट घालून झाडाखाली पेटीवर बसले होते. मी सांगितलं, शाळेतून आलेय, न्यायला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आप चलाएँगी?"

"आपको आती हो तो आप चला लीजिए, मैं पीछे बैठती हूँ."

ते मुकाट्याने मागे बसले. मर्यादा म्हणून तपासणीची जाडजूड फाईल त्यांनी आमच्या दोघांमध्ये उभी धरली, आणि पहिल्या खड्ड्याला ती सोडून कॅरिअर पकडला. धरमपुरी गेली. त्यानंतर मागून आवाज आला, "थोड़ा और तेज़ जाती है क्या ये?"

जाते की! मी दाखवलं.

पुन्हा फाटकातून आत. या वेळी सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत डोकी होती आणि बड़ी बहनजी स्वतः फाटक धरून उभ्या होत्या. इन्स्पेक्टर साहेबांनी केस सारखे केले आणि सरळ माझ्या वर्गाकडे निघाले. मी आणि बड़ी बहनजी मागे धावलो. तासभर चाळीस मुली आबांच्या ताब्यात होत्या, आत काय असेल कोण जाणे.

आत मुली चार सरळ रांगांत ताठ बसल्या होत्या. आवाज नाही. फळ्यावर आबांनी फटफटी काढली होती, घोड्यासारख्या मानेची. ते फळ्याशेजारी उभे होते, उघड्या डोक्याने, हातात खडू. इन्स्पेक्टर साहेब खुर्चीवर बसले आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीला विचारलं, "आज क्या सीखा?"

मुलगी उभी राहिली. "फटफटी की टंकी में चावल नहीं डालते."

इन्स्पेक्टर साहेब बावचळले. "चावल? टंकी में कौन डालता है चावल?"

"दादाजी ने डाले थे," तिने आबांकडे बोट दाखवलं. "फ़ौज में पूजा के बाद घोड़े को पहला कौर हाथ से खिलाते थे. तो दादाजी ने फटफटी का ढक्कन खोलके उसको भी खिला दिया. जब कोई नी देख रहा था. फिर फटफटी बीमार हो गई, और बहनजी को रोज़ देर होने लगी." ती जरा थांबली आणि तिने वाक्य पुरं केलं, जसं पाठ करून घेतलं होतं. "दादाजी की गलती थी. फटफटी की नहीं, बहनजी की नहीं."

मी दारात उभी होते. रस्त्यावर आईला जे जे बोलले ते सगळं कानात परत वाजायला लागलं, आणि त्या मूठभर दाण्यांकडे बघत गप्प उभे असलेले आबा दिसायला लागले. आबांनी कबूल केलं होतं. चाळीस मुलींसमोर, इन्स्पेक्टरसमोर, बड़ी बहनजींसमोर! आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. खडू डब्यात ठेवला आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

इन्स्पेक्टर साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग मला म्हणाले, चलिए, पढ़ाइए. मी शिकवलं. काय शिकवलं ते आता आठवत नाही, पण हात काळे होते आणि फळ्यावरची घोड्याच्या मानेची फटफटी मी पुसली नाही, त्याच्या बाजूला लिहिलं. दुपारी त्यांनी वहीत शेरा लिहिला आणि बड़ी बहनजींनी तो मला वाचायला दिला. नोकरी पक्की करावी, असं स्वच्छ अक्षरात. बड़ी बहनजी म्हणाल्या, "सोमवार से गाड़ी अंदर रखिएगा, नीम के नीचे. बाहर धूप लगती है." एवढंच.

परत येताना ज्वारीवर उतरतं ऊन होतं. आबा मागे बसले होते, या वेळी खांदा धरला होता पण घट्ट नाही. पेट्रोलचा वास मारणारा फेटा त्यांनी काखेत घेतला होता. धरमपुरी मागे गेली तेव्हा मी मान वळवून ओरडले, "आबा, मला का नाही सांगितलंत? मी आईला इतकं बोलले, तरी गप्प राहिलात!"

इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटून मी वेग कमी केला. तेव्हा आबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तुला सांगायची छाती होईना, पोरी. म्हणून आधी त्या मुलींना सांगून बघितलं."